बाणावर शब्द लिहू द्या : नर्सिंग महाविद्यालयांच्या प्राचार्यांना आणि शिक्षकांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील नर्सिंग महाविद्यालयांचे प्राचार्य, क्लिनिकल इन्स्ट्रक्टर आणि ट्युटर

विषय : केअर प्लॅनच्या फाइलमध्ये कन्सेप्ट मॅपला जागा देण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

मागणी आधीच सांगते. क्लिनिकल पोस्टिंगमध्ये, म्हणजे वॉर्डातल्या शिकाऊ ड्युटीत, आपण विद्यार्थ्यांकडून जे केअर प्लॅन (पेशंटच्या शुश्रूषेचे लेखी आराखडे) लिहून घेतो, त्यातला प्रत्येक पोस्टिंगला निदान एक कन्सेप्ट मॅपच्या रूपात घ्यावा, म्हणजे संकल्पना चौकटींत मांडून त्या शब्द लिहिलेल्या बाणांनी जोडणाऱ्या नकाशाच्या रूपात. तो पेशंटच्या खाटेजवळ, पेन्सिलीने काढलेला असावा. आणि त्याचे गुण चौकटींसाठी न देता चौकटींना जोडणाऱ्या बाणांसाठी द्यावेत. नवं यंत्र, नवी इमारत, नवी भरती यातलं काहीही मी मागत नाही.

मी मेडिकल-सर्जिकल नर्सिंग शिकवते. माझ्या टेबलावर येणाऱ्या फाइली आणि आपल्या टेबलावर येणाऱ्या फाइली यांत फारसा फरक नसणार. पट्टीने आखलेले रकाने असतात: असेसमेंट, नर्सिंग डायग्नोसिस (परिचारिकेने ओळखलेली पेशंटची समस्या), गोल (उद्दिष्ट), इंटरव्हेन्शन, रॅशनेल (त्या कृतीमागचं कारण), इव्हॅल्युएशन. पेशंट दम्याचा असो, मधुमेहाचा असो की पाय मोडलेला. 'प्रोव्हाइड कम्फर्टेबल पोझिशन', 'मॉनिटर व्हायटल साइन्स' आणि 'रिअॅश्युअर द पेशंट' ही तीन वाक्यं त्यात हमखास असतात. शेवटच्या रकान्यात 'गोल पार्शली मेट' असतं. ही वाक्यं सीनिअरच्या फाइलमधून ज्युनिअरच्या फाइलमध्ये जातात आणि पुढच्या वर्षी तिच्या ज्युनिअरकडे. हॉस्टेलमध्ये रात्री एक-एक वाजेपर्यंत मुली हे उतरवत बसतात आणि सकाळी सातला ड्युटीवर डोळे चोळत उभ्या राहतात. या मुली आळशी असत्या तर इतकी पानं भरलीच नसती. त्यांच्या मेहनतीला आपण चुकीचं काम दिलंय, एवढंच माझं म्हणणं आहे.

रकान्यांचा केअर प्लॅन वाईट हेतूने आला नव्हता. परिचारिका फक्त डॉक्टरांचे आदेश पाळत नाही, तिची स्वतःची विचार करण्याची पद्धत असते, हे दाखवण्यासाठी अमेरिकेत १९६० च्या दशकात नर्सिंग प्रोसेस, म्हणजे याच रकान्यांमागची टप्प्याटप्प्याची पद्धत, मांडली गेली. नर्सिंग डायग्नोसिसची भाषा ठरवणारी पहिली परिषद १९७३ मध्ये सेंट लुईसला झाली आणि पुढे तिच्यातूनच ही भाषा सांभाळणारी संस्था, 'नॅन्डा', उभी राहिली. आपल्याला मान मिळवून देणारं हे काम होतं आणि त्याबद्दल मला आदरच आहे. अडचण रकान्याच्या आकारात आहे. त्यात पहिलं डायग्नोसिस पहिल्या ओळीत राहतं, दुसरं दुसऱ्या ओळीत, आणि दोघांची कधी गाठ पडत नाही. पेशंटच्या शरीरात मात्र त्यांची सतत गाठ पडत असते, आणि पेशंट हातातून जातो तो बहुधा अशाच एखाद्या गाठीपाशी.

प्रसूती विभागातलं उदाहरण घेऊ. एक्लॅम्प्सियाच्या (गरोदरपणात रक्तदाब वाढून झटके येणाऱ्या) बाईला मॅग्नेशियम सल्फेटचा पुढचा डोस देण्याआधी काय बघशील, असं व्हायवात विचारलं, तर तयारी केलेली मुलगी एका दमात सांगते: श्वास मिनिटाला १६ च्या खाली नको, नी जर्क (गुडघ्याखाली ठोकल्यावर पाय उडणं) मिळाला पाहिजे, लघवी तासाला ३० मिलिलिटर तरी हवी. उत्तर अगदी बरोबर. मग 'लघवी का बघायची?' म्हटलं की बहुतेक जणी थांबतात. या तीन गोष्टी तिच्या डोक्यात यादीतल्या तीन सुट्या ओळी असतात. खरं तर ती एक साखळी आहे. मॅग्नेशियम शरीराबाहेर पडतं ते मूत्रपिंडातून. लघवी कमी झाली की ते रक्तात साचू लागतं, साचलं की आधी नी जर्क जातो आणि आणखी साचलं की श्वास मंदावतो. म्हणजे पहिली खबर युरोबॅग (लघवीची पिशवी) देते, दुसरी गुडघा आणि शेवटची छाती. ही साखळी जिला माहीत आहे ती डोसची वेळ होण्याची वाट बघणार नाही. रात्री दोन वाजता बॅग तशीच रिकामी दिसली की डॉक्टरांना फोन करेल आणि मॅग्नेशियमवरचा उतारा, कॅल्शियम ग्लुकोनेट, ट्रेमध्ये आहे ना, ते तपासून ठेवेल. यादी पाठ असलेली मुलगी परीक्षा पास होईल, पण रात्रीच्या त्या दोन वाजता तिच्या हाती काही नसेल.

ही साखळी कागदावर दिसेल असा आकार आपल्याला हवा आहे आणि तो शोधून पन्नासहून जास्त वर्षं झाली आहेत. कॉर्नेल विद्यापीठातले जोसेफ नोव्हाक लहान मुलांच्या विज्ञान शिक्षणावर संशोधन करत होते. पहिली-दुसरीत शिकवलेल्या विज्ञानाचं मुलांच्या मनात पुढे काय होतं, हे त्यांना बारावीपर्यंत तीच मुलं धरून तपासायचं होतं. मुलाखतींच्या टेप्स उतरवल्या, कागदांचे ढीग झाले, पण मुलाची समज नेमकी कुठे बदलली ते त्या ढिगातून दिसेना. तेव्हा, १९७२ मध्ये, नोव्हाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलाच्या बोलण्यातल्या संकल्पना चौकटींत मांडल्या, त्या रेघांनी जोडल्या आणि प्रत्येक रेघेवर जोडणारे शब्द लिहिले. हाच कन्सेप्ट मॅप. त्यामागे मानसशास्त्रज्ञ डेव्हिड ऑसुबेल यांचा सिद्धान्त होता: नवी गोष्ट आधीपासून माहीत असलेल्या गोष्टीला जोडली गेली तरच ती समजते, नाहीतर ती नुसती पाठ होते. शिकवण्याआधी विद्यार्थ्याला काय माहीत आहे ते शोधा आणि तिथून सुरुवात करा, यावर ऑसुबेल यांचा सगळा भर होता.

इथे एक खुलासा करायला हवा, कारण काही महाविद्यालयांत मी कन्सेप्ट मॅपच्या नावाखाली भलतंच बघितलं आहे. मधोमध आजाराचं नाव, भोवती रंगीत फांद्या, एका फांदीवर कारणं, दुसरीवर लक्षणं, तिसरीवर उपचार. हा माइंड मॅप झाला. आठवण ठेवायला तो ठीक आहे. पण ती पुस्तकातल्या मथळ्यांचीच यादी असते, फक्त गोल मांडलेली. कन्सेप्ट मॅपचा प्राण बाणावरच्या शब्दात आहे. 'लघवी कमी' आणि 'मॅग्नेशियम' या दोन चौकटींमध्ये नुसती रेघ असेल, तर विद्यार्थिनीला काय कळलंय याचा मला पत्ता लागत नाही. त्या रेघेवर तिने 'झाल्याने साचतं' असं लिहिलं की कळतं. 'वाढवतं' लिहिलं असतं तर तेही लगेच दिसलं असतं आणि तिथल्या तिथे बोलता आलं असतं. दोन चौकटी आणि मधले शब्द मिळून एक विधान होतं. विधान खरं असतं किंवा खोटं. रकान्यात उतरवलेलं वाक्य खोटं पडूच शकत नाही, म्हणून ते काही शिकवतही नाही.

आता जरा सविस्तर उदाहरण देते. ते आपल्याच वॉर्डांतलं आहे. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना शेकडो शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली, काहींचे जीव गेले, आणि राज्यभर त्याची चर्चा झाली. पण विदर्भ-मराठवाड्यातल्या कुठल्याही सरकारी मेडिसिन वॉर्डात फवारणीच्या औषधाचा पेशंट ही नेहमीची गोष्ट आहे. समजा तिशीतला एक शेतकरी आलाय. ऑरगॅनोफॉस्फेट प्रकारचं कीटकनाशक पोटात गेलंय. तोंडातून लाळ वाहतेय, छातीत घरघर आहे, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्यात, नाडी मंद आहे, अंगावर स्नायू थरथरताहेत. अॅट्रोपिन आणि पॅम हे उतारे सुरू आहेत. दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीला हा पेशंट केअर प्लॅनसाठी दिलाय.

रकान्यांच्या फाइलमध्ये ती पहिल्या ओळीत 'इनइफेक्टिव्ह एअरवे क्लिअरन्स' (श्वासमार्ग नीट मोकळा नाही) लिहील, पुढे सक्शन, पोझिशन, ऑक्सिजन. बरोबरच आहे. दुसऱ्या दिवशी छाती मोकळी झाली, लाळ थांबली, बाहुल्या मोठ्या झाल्या. ती 'गोल मेट' लिहील आणि ती ओळ मिटेल. पेशंट पलंगावर जागा आहे, बोलतोय. नातेवाईक देवाचे आभार मानताहेत. आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याचा श्वास उथळ होतो आणि त्याला व्हेंटिलेटरवर घ्यावं लागतं.

याच मुलीने नकाशा काढला असता तर? मधे चौकट: 'अॅसिटिलकोलिनेस्टरेज बंद पडलं'. तिथून बाण: 'म्हणून साचतं' आणि पुढे 'अॅसिटिलकोलिन', म्हणजे नसांचा निरोप पोहोचवणारं रसायन, जे ते एन्झाइम एरवी मोडून टाकतं. तिथून दोन फाटे. एक 'ग्रंथी, श्वासनलिका, हृदय, डोळा' यांच्याकडे जातो आणि त्याच्या टोकाला लाळ, घरघर, मंद नाडी, बारीक बाहुली. दुसरा 'हातापायांचे, मानेचे, श्वासाचे स्नायू' यांच्याकडे जातो आणि त्याच्या टोकाला थरथर आणि नंतरचा अशक्तपणा. आता ती अॅट्रोपिनची चौकट काढते आणि बाणावर 'थांबवतं' लिहून पहिल्या फाट्याला जोडते. दुसऱ्या फाट्याला जोडायला जाते आणि हात थांबतो, कारण अॅट्रोपिन तिकडे पोहोचतच नाही. ते पहिल्या फाट्यावरच्या मस्करिनिक रिसेप्टरवर काम करतं, स्नायूंच्या जोडावर नाही. कागदाची उजवी बाजू उघडी राहिली आहे हे तिला दिसतं. शिक्षक म्हणून मला एवढंच विचारायचं असतं: 'या बाजूला काय चाललंय हे तुला कसं कळेल?' मग तिला उशीवरून मान उचलायला सांगणं सुचतं, एका श्वासात किती आकडे मोजता येतात ते बघणं सुचतं, आवाज बारीक झालाय का याकडे कान जातो. विषबाधेनंतर साधारण २४ ते ९६ तासांच्या दरम्यान उद्भवणारा, मानेचे आणि श्वासाचे स्नायू दुबळे करणारा इंटरमीडिएट सिंड्रोम पुस्तकात एका परिच्छेदात असतो. तो परिच्छेद वाचलेल्या मुलीला तो आठवेलच असं नाही. नकाशातली उघडी बाजू जिने स्वतःच्या हाताने काढली आहे, ती तिसऱ्या दिवशी सकाळी वॉर्डात शिरल्यावर आधी मान उचलायला सांगेल.

याच पेशंटचं आणखी एक बघा. तो रात्री बेचैन झालाय, सलाइन उपटतोय, बडबडतोय. फाइलमध्ये 'अँग्झायटी रिलेटेड टू हॉस्पिटलायझेशन' येतं आणि शेजारी 'रिअॅश्युअर द पेशंट'. नकाशात 'बेचैनी' ही चौकट काढली की तिच्याकडे येणारे बाण शोधावे लागतात. एक बाण ऑक्सिजन कमी झाल्याचा. दुसरा अॅट्रोपिन जास्त झाल्याचा. मग ताप आहे का, पोट फुगलंय का, आतड्यांचे आवाज थांबलेत का, लघवी तुंबलीय का, नाडी फार वेगात आहे का, हे बघावं लागेल. तिसरा बाण दारू सुटल्याचा. मग घरच्यांना विचारावं लागेल. तीन बाण, तीन वेगळी कामं, आणि त्यातलं एकही 'धीर द्या' या वाक्याने होत नाही. बेचैन पेशंटचे हात बांधून मोकळं होण्याची घाई जिथे होते तिथे हे तीन बाण नसतात, असं माझं निरीक्षण आहे.

आणि कागदाच्या वरच्या टोकाला एक चौकट असते, जी रकान्यांत बहुतेक वेळा येतच नाही: औषध पोटात गेलं कसं? फवारताना की जाणूनबुजून? जाणूनबुजून असेल तर त्या चौकटीकडे कर्जाचा, घरातल्या भांडणाचा, आजाराचा बाण येत असेल आणि तिथून एक बाण सरळ 'घरी सोडल्यानंतर' या चौकटीकडे जात असेल. घरात औषधाचा डबा कुठे ठेवला जातो, डिस्चार्जनंतर त्याच्याशी बोलणारं कोण आहे, मानसोपचार विभागाकडे पाठवलंय का, हे प्रश्न त्या बाणावर उभे आहेत. रकान्यांमध्ये हे सगळं शेवटच्या ओळीत 'सायकॉलॉजिकल सपोर्ट' या दोन शब्दांत आटोपतं.

नर्सिंगमध्ये नकाशाची ही पद्धत केअर प्लॅनला जोडण्याचं काम ओहायोतल्या यंगस्टाउन स्टेट युनिव्हर्सिटीत शिकवणाऱ्या पामेला शुस्टर यांनी तपशीलवार केलं. पेशंट हॉस्पिटलमध्ये कशासाठी आलाय ते मधे, त्याभोवती त्याच्या मुख्य समस्या, प्रत्येक समस्येखाली त्याच पेशंटमध्ये सापडलेली माहिती, औषधं आणि तपासण्या, आणि मग समस्यांचे एकमेकींशी संबंध. एक गोष्ट मला त्यात फार मोलाची वाटते: एखादी माहिती कुठे बसते ते कळत नसेल तर ती बाजूला लिहून ठेवायची, पुसायची नाही. ती चर्चेचा विषय होते. आपल्याकडे न कळलेलं लपवण्याची सवय विद्यार्थ्याला लागते, कारण फाइल तपासली जाते ती पूर्ण भरली आहे का हे बघून.

वॉर्डात हे कसं बसवायचं, याबद्दल माझं मत अनुभवातून तयार झालं आहे. पेशंट मिळाल्यावर पहिल्याच सकाळी नकाशा पेन्सिलीने, एका कोऱ्या पानावर. केसपेपर उघडण्याआधी पेशंटशी बोलून आणि तपासून जे कळलं तेवढंच आधी मांडायचं. मग केसपेपर, तपासण्या, औषधं. दुसऱ्या दिवशी त्याच कागदावर निळ्या शाईने बदल, तिसऱ्या दिवशी लाल शाईने. नवा कागद घ्यायचा नाही, कारण आजार कसा सरकला आणि आपली समज कशी सरकली हे तीन रंगांत एकाच पानावर दिसलं पाहिजे. खाडाखोड असलेला कागद मला सुबक कागदापेक्षा जास्त सांगतो. पोस्ट-कॉन्फरन्सला, म्हणजे ड्युटीनंतरच्या चर्चेला, एकच पेशंट दिलेल्या दोघींचे नकाशे शेजारी ठेवायचे. एकाच पेशंटचे दोन नकाशे कधीच सारखे नसतात, आणि जिथे ते वेगळे आहेत तिथून चर्चा सुरू करायची. अर्ध्या तासात जेवढं शिकवून होतं तेवढं फळ्यावरच्या दोन तासांत होत नाही.

कृपा करून याचा लगेच कॉम्प्युटरवरचा प्रकल्प करू नका. 'सीमॅप टूल्स' हे सॉफ्टवेअर मोफत मिळतं आणि चांगलं आहे, सेमिनारसाठी जरूर वापरावं. पण खाटेजवळ पेन्सिलच हवी. छापून, लॅमिनेट करून आणलेल्या नकाशाला गुण देऊ लागलो की पुढच्या वर्षी हेच छापील नकाशे कॉपीच्या दुकानात विकत मिळतील.

आता भाषेचा मुद्दा, जो मला सगळ्यांत जवळचा आहे. आपल्या वर्गात बसलेल्या कितीतरी मुलामुलींचं शिक्षण बारावीपर्यंत मराठीत झालेलं आहे. त्या हुशार आहेत. पेशंटच्या आजीशी त्या जे बोलतात, ते ऐकत राहावं असं असतं. त्यांना कार्यकारणभाव कळतो, पण रॅशनेलच्या रकान्यात तो इंग्रजीत लिहिताना त्या पुस्तकातलं वाक्य उचलतात, कारण स्वतःचं वाक्य चुकेल याची भीती असते. नकाशात चौकटीतले शब्द इंग्रजीत राहू द्या; आजारांची, औषधांची, डायग्नोसिसची नावं तशीच लागतात आणि ती त्यांना यायलाच हवीत. बाणावरचे शब्द मात्र मराठीत लिहू द्या. 'मुळे', 'वाढवतं', 'दाबून टाकतं', 'झाकतं', 'आधी दिसतं', 'उशिरा दिसतं', 'याच्याशिवाय होत नाही'. हे शब्द तिचे स्वतःचे असतात, ते तिला उसने आणावे लागत नाहीत. 'बीटा ब्लॉकर झाकतं हायपोग्लायसेमियाची धडधड' (म्हणजे रक्तातली साखर घटल्यावर होणारी धडधड) असं एका मुलीने लिहिलेलं मी वाचलं, तेव्हा 'मास्क्स द सिम्प्टम्स' हे पाठ केलेलं वाक्य दहा वेळा वाचूनही जे मिळालं नसतं ते मला मिळालं: तिला समजलं आहे याची खात्री. परीक्षेच्या इंग्रजीची काळजी मला आहे. पण आधी समजू द्या. समजलेलं इंग्रजीत मांडायला शिकवणं सोपं आहे.

गुण देण्याबद्दल थोडं. नकाशा बघून 'छान आहे' म्हणून दहापैकी सात देणं सोपं आहे आणि ते टाळलं पाहिजे. मी बाण वाचते. विधान खरं आहे का, ते या पेशंटबद्दल आहे की पुस्तकातल्या पेशंटबद्दल, आणि एका समस्येतून दुसऱ्या समस्येकडे जाणारे आडवे बाण आहेत का. आडव्या बाणांना मी सर्वांत जास्त वजन देते. हृदय कमजोर असलेल्या पेशंटमध्ये फ्युरोसेमाइड या लघवी वाढवणाऱ्या औषधाकडून घटणाऱ्या पोटॅशियमकडे आणि तिथून डिगॉक्सिन या हृदयाच्या औषधाच्या विषारी परिणामाकडे जाणारा बाण ज्या नकाशात आहे, तो चौकटी कमी असल्या तरी मला पुढचा वाटतो. चौकटी मोजून गुण दिले की विद्यार्थी चौकटी वाढवतील. हस्ताक्षराला आणि रंगांना एकही गुण नको.

आपल्यातल्या अनेकांच्या मनात शंका असतील आणि त्या रास्त आहेत. पहिली वेळेची. दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हे प्रमाण कागदावर आहे. प्रत्यक्षात एका क्लिनिकल इन्स्ट्रक्टरला दोन वॉर्डांत वीस-पंचवीस मुलं सांभाळावी लागतात हे मला माहीत आहे. म्हणूनच मी 'आणखी एक' कागद मागत नाही. असलेल्या केअर प्लॅनमधला एक रकान्यांऐवजी नकाशाच्या रूपात घ्या. तपासायचं म्हणाल तर एका पानाचा नकाशा दहा पानांच्या केअर प्लॅनपेक्षा लवकर वाचून होतो. पण नकाशा वाढवला आणि जुनं काहीच कमी केलं नाही, तर मात्र विद्यार्थ्यांवर अन्याय होईल आणि तो नकाशाही उतरवला जाईल. त्यापेक्षा सुरूच न केलेलं बरं.

दुसरी शंका, याचा उपयोग होतो याला पुरावा काय? चीन, तैवान, इराण, तुर्कस्तान, अमेरिका अशा देशांत नर्सिंगच्या विद्यार्थ्यांवर याचे अभ्यास झाले आहेत आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मेटा-अॅनालिसिसने (अनेक अभ्यासांचे निकाल एकत्र करून केलेल्या विश्लेषणाने) चिकित्सक विचारक्षमतेत सुधारणा होते असा निष्कर्ष काढला. हे अभ्यास बहुधा लहान आहेत आणि विचारक्षमता मोजलेली आहे ती प्रश्नावलीने. पेशंट जास्त बरे झाले असं कुणी सिद्ध केलेलं नाही आणि मी तसा दावा करणार नाही. पण रकान्यांच्या फाइलला तरी दुसरा कुठला पुरावा आहे? ती चालत आली म्हणून चालू आहे. आपल्या एम.एस्सी.च्या विद्यार्थ्यांना दरवर्षी प्रबंधाचे विषय हवे असतात. ज्ञान तपासणारी तीच ती प्री-टेस्ट, पोस्ट-टेस्ट करण्यापेक्षा हा विषय त्यांना द्या: नकाशा काढलेल्या आणि न काढलेल्या विद्यार्थ्यांनी धोक्याची चिन्हं किती लवकर ओळखली.

तिसरी शंका कुणी उघडपणे बोलत नाही. नकाशा काढणारी मुलगी असा बाण काढेल ज्याचं उत्तर शिक्षकाला लगेच सांगता येणार नाही. असं नक्की होईल. माझ्या मते ही पद्धत वापरण्याचं ते सर्वांत मोठं कारण आहे. 'मला बघून सांगावं लागेल, आपण ड्युटीवरच्या डॉक्टरांना विचारू, फार्माकॉलॉजीचं पुस्तक काढू' हे वाक्य शिक्षकाने विद्यार्थ्यांसमोर म्हटलं की पुढे वॉर्डात, शंका आल्यावर, तेच वाक्य म्हणायला ती घाबरणार नाही. विचारायला घाबरणारी परिचारिका पेशंटसाठी सर्वांत धोक्याची असते.

वॉर्ड सिस्टरांनाही यात घ्या, अशी माझी जोडीची विनंती आहे. वीस-वीस वर्षं एकाच वॉर्डात काढलेल्या सिस्टरांकडे जे ज्ञान आहे ते आपल्या पुस्तकांत नाही. त्या म्हणतात, 'याचं काही खरं नाही, लक्ष ठेव', आणि सकाळपर्यंत ते खरं ठरतं. विचारलं तर कारण सांगता येत नाही. त्यांच्यासमोर विद्यार्थ्याचा नकाशा ठेवा आणि विचारा, 'सिस्टर, यात कुठला बाण राहिलाय?' त्या बोट ठेवतात. कपाळावरचा घाम, जेवण नको म्हणणं, अचानक शांत होणं; अशा चौकटी त्यांच्यामुळे नकाशात येतात. कॉलेज आणि वॉर्ड यांच्यातली जी दरी आपण वर्षानुवर्षं बोलून दाखवतो, ती अशा एका कागदावर थोडी तरी कमी होते हे मी पाहिलं आहे.

भारतीय परिचर्या परिषदेच्या सुधारित नियमांनुसार २०२१-२२ पासून बी.एस्सी. नर्सिंग सेमिस्टर पद्धतीने सुरू झालं आणि अभ्यासक्रम क्षमताधारित झाला. लॉगबुकं आली, प्रत्यक्ष कौशल्यं तपासणारी ओ.एस.सी.ई. परीक्षा आली. कागदावर 'क्षमता' हा शब्द आला, पण फाइलचे रकाने बऱ्याच ठिकाणी तेच राहिले. आवश्यक केअर प्लॅनची संख्या कमी करा असं मी म्हणत नाही. ती जेवढी आहे तेवढी पूर्ण होऊ द्या. महाविद्यालयाच्या फाइलमध्ये केअर प्लॅन कसा मांडायचा, हे मात्र आपण शिक्षकांच्या बैठकीत बसूनच ठरवत आलो आहोत.

तेव्हा पुढच्या सेमिस्टरचं क्लिनिकल रोटेशन ठरवण्यासाठी बैठक घ्याल त्या दिवशी हा विषय घ्यावा. सुरुवात एका पोस्टिंगपासून करा; मेडिसिन वॉर्ड किंवा लेबर रूम सर्वांत योग्य. आधी शिक्षकांनी स्वतः एका खऱ्या पेशंटचा नकाशा काढून एकमेकांना दाखवावा, मगच विद्यार्थ्यांना सांगावं. पोस्टिंग संपल्यावर जुन्या पद्धतीच्या पाच फाइली आणि पाच नकाशे एकत्र वाचा आणि कुठल्या कागदावरून तुम्हाला पेशंट डोळ्यांसमोर उभा राहिला ते आपसांत ठरवा. माझ्या महाविद्यालयात वापरतो तो गुणांकनाचा नमुना मागणाऱ्या प्रत्येकाला मी आनंदाने देईन, आणि तुमचा जास्त चांगला असेल तर तो मला हवा आहे.

कळावे,
आपली नम्र,
मराठवाड्यातील एका नर्सिंग महाविद्यालयात मेडिकल-सर्जिकल नर्सिंग शिकवणारी एक शिक्षिका